बंद पडलेले आणि बंद केलेले

एकदा एक बाई लोखंडाचे काम शिकण्यासाठी एका वृद्ध मिस्त्रींच्या दारात येऊन उभी राहिली. ती काही नवशिकी नव्हती. अंबिका माळगे तिचे नाव, वय चौतीस. वेल्डिंगचे रीतसर शिक्षण घेऊन तिने सहा वर्षे एका मोठ्या शेडमध्ये काम केले होते. खिडक्यांचे गज, जिन्यांचे कठडे, ट्रॉलीच्या पट्ट्या असे हजारो तुकडे तिच्या हाताखालून गेले होते. त्या शेडमध्ये आठ पुरुष होते आणि ती एकटी बाई. पहिले वर्षभर तिला फक्त रंग मारायला देत. मग एक दिवस तिने लोखंड कापायचा ग्राइंडर हाती घेतला, आणि तिसरे वर्ष संपता संपता तिच्याइतक्या वेगाने पाइप कापणारा त्या शेडमध्ये कोणी उरला नाही. हा वेग तिने कष्टाने कमावला होता आणि तिला त्याचा अभिमान होता. त्यात गैर काही नव्हते.

पुढे त्या शेडच्या मालकाने धंदा आवरता घेतला. अंबिकेने ठरवले की आता कापाकापी पुरे, आता फाटके करायला शिकायचे. सोलापूरच्या बाजूला एका तालुक्याच्या गावी सिद्राम पांचाळ नावाचे मिस्त्री होते. वय बाहत्तर. त्यांनी तरुणपणी बसवलेली फाटके अजून एका बोटाने ढकलली तरी उघडत, कुरकुरत नसत, खाली टेकत नसत. सगळा तालुका त्यांना मामा म्हणत असे. पिठाच्या गिरणीसमोर त्यांचे दगडी भिंतींचे, वर पत्रे घातलेले दुकान होते. हाताखालची दोन माणसे पुण्याला निघून गेल्यापासून मामा एकटेच काम करत होते.

“काय काय येतं तुला?” मामांनी विचारले.

“सगळं येतं, मामा. फक्त फाटक तोलून बसवायचं येत नाही.”

“बरं. तुझा ग्राइंडर दाखव.”

अंबिकेने पिशवीतून आपला ग्राइंडर काढून पुढे केला. मामांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला. कापणाऱ्या चकतीवर, म्हणजे डिस्कवर, जे अर्धगोल लोखंडी झाकण असायला हवे, ज्याला कारागीर गार्ड म्हणतात, ते नव्हते. बाजूला धरायची मूठही नव्हती.

“ह्याचं गार्ड कुठं हाय?”

“काढून टाकलंय. कोपऱ्यात डिस्क पोचत नाही त्याच्यामुळं. आमच्या शेडमध्ये सगळ्यांनीच काढलं होतं.”

मामांनी तो ग्राइंडर परत तिच्या पिशवीत ठेवला आणि फळीवरचा स्वतःचा ग्राइंडर तिच्या हातात दिला. त्याला गार्ड होते, मूठ होती, आणि वायर कुठेही चिकटपट्टीने जोडलेली नव्हती.

“इथं ह्यावर काम कर,” ते म्हणाले. “कोपऱ्यात पोचलं नाही तर मला हाक मार. कोपरा कसा कापायचा ते मी दाखवतो.”

अशी तिची शिकवणी सुरू झाली. मामांच्या सवयी तिला विचित्र वाटत. डिस्क बदलायची असली की ते आधी भिंतीवरच्या बोर्डातून प्लग काढत, आणि तो टेबलावर स्वतःच्या डोळ्यांसमोर ठेवून मगच पान्याला हात घालत. नवी डिस्क बसवली की ग्राइंडर टेबलाच्या पातळीखाली धरून, माणसे बाजूला करून, मिनिटभर नुसता हवेत फिरवत. कापताना डिस्कच्या समोर कधी उभे राहत नसत, नेहमी थोडे एका अंगाला. एकदा अंबिकेच्या हातून एक कोरी डिस्क फरशीवर पडली. तिला कुठेही तडा दिसत नव्हता. मामांनी ती उचलली, ऐरणीवर ठेवली आणि हातोडीच्या एका घावात तिचे दोन तुकडे केले.

“अहो मामा, नवीकोरी होती!”

“फेकून दिली असती तर कुणीतरी उचलून मशीनला लावली असती,” ते म्हणाले आणि आपल्या कामाला लागले.

अंबिका हे सगळे पाहत होती, करतही होती. पण मामा बघत असतील तेवढेच. मनातून तिला वाटे, ही म्हातारपणाची धास्ती. हात थरथरायला लागले की माणूस असे नियम वाढवत जातो. आपले हात थरथरत नाहीत.

त्यातही एक सवय तिला अगदीच निरर्थक वाटे. त्या भागात वीज रोज जात असे, कधी दहा मिनिटे, कधी दोन तास. वीज गेली आणि ग्राइंडर घुरघुरत थांबला की मामा सर्वांत आधी त्याचे बटण मागे घेत. हे बटण अंगठ्याने पुढे सरकवले की खाचेत अडकून राहते, म्हणजे कापताना ते दाबून धरावे लागत नाही. बटण मागे घेतले की मामा प्लग काढत, आणि त्यानंतर कुठे कपाळावरचा घाम पुसत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी अंबिकेला तसे सांगितले होते.

“लाईट गेली की बटण मागं घ्यायचं.”

“घेते, मामा,” ती म्हणाली होती. चार दिवस घेतले. पाचव्या दिवसापासून विसरली. वीजच नाही, तर यंत्र म्हणजे नुसता लोखंडाचा गोळा, असे तिला वाटे.

दीड महिना झाला असेल. तूरडाळीचे व्यापारी बसलिंगआप्पा शेटे यांनी नवे गोदाम बांधले होते आणि त्याचे फाटक मामांकडे सांगितले होते. शुक्रवारी सकाळी दहाला गोदामाची पूजा. गुरुवारी दुपारी अडीच वाजता आप्पा स्वतः दुकानात आले. फाटकाचा सांगाडा अजून अर्धाच उभा राहिला होता.

“मिस्त्री, हे काय?” आप्पा म्हणाले. “उद्या पाहुणे येणार. मी काय त्यांना पडदा लावून दाखवू?”

“रात्रीपर्यंत सांगाडा हुतोय, आप्पा. सकाळी आठला बसवतो.”

“मी इथनंच बघतो,” असे म्हणून आप्पांनी कोपऱ्यातली प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि भिंतीला लावून बसले. टेबलापासून सात-आठ फुटांवर. मामांनी त्यांना बाहेर ओट्यावर बसायला सुचवले, पण बाहेर ऊन होते आणि आप्पा ऐकणाऱ्यांतले नव्हते.

आप्पा वाईट गृहस्थ नव्हते, अडचणीत होते इतकेच. अडचणीतला माणूस दुसऱ्याला घाई करतो, आणि ती घाई गोड बोलून केली की अधिक लागू पडते. आप्पा अंबिकेचे हात पाहत होते. थोड्या वेळाने म्हणाले, “बाई, काय हात हाय तुमचा! मिस्त्री, तुमच्यापेक्षा दुप्पट चालतोय बघा.”

मामा हसले. “चालतोय खरा,” असे म्हणून ते मागच्या बाजूला बिजागऱ्या मापायला गेले.

सहा वर्षे आठ पुरुषांच्या शेडमध्ये काढलेल्या बाईला असा शब्द कधी ऐकायला मिळाला नव्हता. अंबिकेचे हात आणखी भरभर चालू लागले. एक पाइप झाला, दुसरा झाला. तिसरा अर्ध्यावर आला आणि वीज गेली.

ग्राइंडर हळूहळू मंदावत थांबला. समोरची गिरणी थांबली. सगळीकडे एकदम शांत झाले.

“झालं!” आप्पांनी कपाळाला हात लावला.

अंबिकेला वेळ फुकट घालवायचा नव्हता. तिने ग्राइंडर होता तसाच टेबलावर ठेवला, चेहऱ्यावरची काच वर सारली, काटकोन मापायचा गुण्या आणि खडू घेतला आणि वाकून पुढच्या पाइपावर खूण करू लागली. खूण नीट दिसावी म्हणून ती अगदी जवळ गेली. थांबलेली डिस्क तिच्या गालापासून वीतभर अंतरावर होती.

मागून मामांनी ते पाहिले. ते ओरडले नाहीत आणि तिच्याकडेही आले नाहीत. हातातली बिजागरी खाली टाकून ते सरळ दाराबाहेर धावले. बाहत्तर वर्षांचा माणूस धावताना पाहून आप्पा खुर्चीतून अर्धे उठले. बाहेरच्या भिंतीवर दुकानाचा मेन स्विच होता. मामांनी त्याचा दांडा खाली ओढला.

वीज नसताना मेन स्विच पाडायचा, ह्याचा अर्थ ना आप्पांना लागला ना अंबिकेला.

मग मामा दारात आले. त्यांना धाप लागली होती.

“अंबिके, सरळ हो. सावकाश. मागं सर. आता बाहेर ये.”

आत विंचू-बिंचू निघाला की काय, असे तिला वाटले. ती खडू हातात घेऊनच बाहेर आली.

“आप्पा, तुम्हीपण या.”

“अहो, पण झालं काय?”

“या तर खरं.”

तिघे बाहेर ओट्यावर आले. दोनच मिनिटे गेली असतील, समोरची गिरणी पुन्हा घरघरू लागली. वीज आली होती.

“आली, आली!” आप्पा म्हणाले. “चला मिस्त्री, लावा तो खटका.”

मामांनी खटका लावला नाही. आधी त्यांनी मेनचा फ्यूज उपसून खिशात घातला. मग आत जाऊन कोपऱ्यात पडून असलेला, तळाला पाझरणारा एक जुना माठ उचलला. टेबलावर जिथे मघाशी अंबिकेचे डोके होते, नेमक्या त्या जागी एक लाकडी ठोकळा ठेवला आणि त्यावर तो माठ ठेवला. क्षणभर विचार करून स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढली आणि माठावर घातली. ग्राइंडरला त्यांनी हात लावला नाही. तो होता तसाच राहू दिला. मग बाहेर येऊन त्यांनी पत्र्याचे दार लोटले आणि दोघांना दारासमोरून बाजूला घेऊन दगडी भिंतीच्या आड उभे केले.

आप्पा आता चिडले. “मिस्त्री, डोकं ठिकाणावर हाय का? उद्या दहाला माझी पूजा, आणि तुम्ही माठाला टोपी घालत बसलाय!”

“दोन मिनिटं द्या, आप्पा. आधी मला सांगा, मी आता मेन लावला तर ते मशीन काय करंल?”

“काय करंल? जागच्या जागी फिरंल.”

“अंबिके, तू सांग.”

मामांनी फ्यूज खिशात घातला त्याच क्षणी अंबिकेला बटण आठवले होते. ते पुढेच होते. खाचेत अडकलेले. ती आपल्या हातातल्या खडूकडे पाहत राहिली.

“सांग ना.”

“उडी मारंल,” ती हळूच म्हणाली.

“कुठल्या बाजूला?”

तिने डोळे मिटून आतले चित्र समोर आणले. ग्राइंडर कोणत्या कुशीवर ठेवला होता, डिस्क कोणत्या दिशेने फिरते, वायर कुठून गेली आहे. सहा वर्षांचा अनुभव होता तिच्याजवळ.

“माठाकडं,” ती म्हणाली.

“मलाबी तसंच वाटतं,” मामा म्हणाले. “शंभर टक्के माठाकडं.”

त्यांनी फ्यूज बसवला आणि मेनचा दांडा वर केला.

आतून ग्राइंडरची ओळखीची किंचाळी आली. लगेच टेबलावर काहीतरी आदळले, लोखंड लोखंडावर घासले, फटाका फुटावा तसा एक आवाज झाला, आणि त्यानंतर काहीतरी फरशीवर थडाथड उड्या मारत गेले. हे सगळे तीन-चार श्वासांत झाले. मामांनी दांडा खाली ओढला. आवाज उतरत उतरत थांबला. आप्पांनी दाराकडे पाऊल टाकले तसे मामांनी त्यांचा दंड धरला. पूर्ण शांत झाल्यावरही ते थोडा वेळ थांबले. फ्यूज काढून पुन्हा खिशात घातला, आणि मगच दार उघडले.

माठ होता तसाच होता. त्यावर मामांची टोपीही होती तशीच होती.

“हात्तिच्या!” आप्पा हसले. “माठाला काही झालंच नाही की! उगीच घाबरवलंत, मिस्त्री.”

मग त्यांनी पुढे पाहिले आणि त्यांचे हसू मावळले.

ग्राइंडर टेबलाच्या दुसऱ्या अंगाला, भिंतीजवळ पडला होता. बहुधा त्याची डिस्क दोन पाइपांच्या फटीत अडकली असावी, कारण टेबलाच्या कडेला बोटभर खोल खाच पडली होती आणि एक पाइप जागेवरून सरकला होता. ग्राइंडरची मूठ मोडली होती. वायर खुर्चीच्या पायाला वेढा घालून बसली होती, खुर्ची आडवी पडली होती, आणि तिची पाठ वरपासून मध्यापर्यंत चिरली होती. डिस्क अर्धीच उरली होती. तुटून उडालेल्या भागाचा एक तुकडा खुर्चीमागे भिंतीवर ठोकलेल्या लाकडी फळीत रुतला होता. बसलेल्या माणसाच्या मानेइतक्या उंचीवर.

आप्पांनी तो तुकडा पाहिला. मग खुर्चीकडे पाहिले. त्यांचा हात नकळत गळ्याकडे गेला. ते बाहेर जाऊन ओट्यावर बसले. मघाशी नकोसे वाटलेले ऊन त्यांच्या अंगावर पडले होते; ते त्यांच्या ध्यानातही नव्हते.

अंबिका तिथेच उभी होती.

“मामा, सहा वर्षांत असं कधी झालं नाही.”

“हुय. कारण सहा वर्षं तुझं नशीब राबत होतं, आणि शाबासकी घेत होता तुझा हात,” मामा म्हणाले.

शब्द कठोर होते, पण आवाज नव्हता. त्यांनी फळीतला तुकडा पकडीने उपसून काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तो अजून कोमट होता.

“आता ऐक. मी पंचावन्न वर्षं लोखंडाचं काम करतोय. ग्राइंडर आपल्या गावात आला तेव्हापासनं तो माझ्या हातात हाय. आणि मी काय सांगितलं? शंभर टक्के माठाकडं. तूबी तेच सांगितलंस. दोघंबी चुकलो. आप्पा तर म्हणाले जागच्या जागी फिरंल. मग आपल्या तिघांत शहाणा कोण?”

ती तळहातावरचा तुकडा उलटा करून पाहू लागली.

“चाक कुठं जाणार हे मला कळलं असतं, तर मी गार्ड कशाला लावलं असतं? समोर उभं राहायचं सोडून एका बाजूला कशाला उभा राहिलो असतो? पडलेली डिस्क कशाला फोडली असती? तुला वाटतं, म्हातारा घाबरतो. घाबरत नाही गं. मला ठाऊक नाही, आणि मला ठाऊक नाही हे मला ठाऊक हाय. पंचावन्न वर्षांत मी एवढंच शिकलो. माझ्या अंगावर एक ओरखडा नाही, तो काही माझा अंदाज बरोबर येतो म्हणून नाही. माझा अंदाज चुकला तरी मी तिथं नसतो, म्हणून.”

त्यांनी माठावरची टोपी उचलून झटकली आणि डोक्यावर ठेवली.

“आणि दुसरं. लाईट गेली तेव्हा ते मशीन तू थांबवलं होतंस का?”

“नाही.”

“कुणी थांबवलं?”

“लाईटवाल्यांनी.”

“मग चालूबी तेच करणार. त्यांच्या मर्जीनं, त्यांच्या वेळेला. त्यांना काय ठाऊक, की इथं अंबिकेचा गाल वीतभर अंतरावर हाय? जे आपण थांबवलं नाही, ते थांबलंय असं धरून त्याच्यापुढं डोकं न्यायचं नाही. बटण मागं घेतलं, प्लग काढला, की मग ते आपल्या हातानं थांबलं. बंद पडलेलं येगळं, आणि बंद केलेलं येगळं.”

अंबिकेच्या डोळ्यांसमोर तेव्हा एक माणूस उभा राहिला होता. त्या जुन्या शेडमध्ये गुरुबा नावाचा एक कारागीर होता. एका दुपारी त्याच्या ग्राइंडरची डिस्क फुटून त्याचा डावा डोळा गेला. निष्काळजी होता, असे सगळे म्हणाले. तीही म्हणाली होती. गुरुबा घरी बसल्यावर त्याचे काम तिच्याकडे आले आणि ती ते त्याच्याहून लवकर करू लागली, तेव्हा तर तिची खात्रीच पटली होती की दोष त्याच्या हातांचा. आज तिला कळले की गुरुबा आणि ती एकाच रीतीने काम करत होती. एकाची दुपार वाईट निघाली, दुसरीची अजून निघाली नव्हती, एवढाच फरक होता.

“मामा, तुमचं चांगलं मशीन गेलं माझ्यापायी,” ती म्हणाली.

“मशीन मी मोडलं, तू नाही. मी नुसतं सांगितलं असतं तर तू ‘घेते, मामा’ म्हणाली असतीस.” मामा प्रथमच थोडे हसले. “एकदा म्हणाली होतीस की.”

बाहेर ओट्यावर आप्पा उठून उभे राहिले होते. ते दारापर्यंत आले, पण उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

“मिस्त्री,” ते म्हणाले, “पूजा फाटकाशिवायबी हुतीय. गुरुजींना काय फाटक लागत नाही. तुम्ही सावकाश करा.”

“उद्या दुपारी चारला बसवतो, आप्पा.”

“परवा बसवा.”

“उद्या चारला,” मामा म्हणाले. “सावकाश म्हणजे उशिरा नव्हे.”

त्या संध्याकाळी अंबिकेने पिशवीतून स्वतःचा ग्राइंडर काढला आणि तो घेऊन ती बाजारपेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात गेली. त्या मापाचे गार्ड आणि मूठ मागितली. दुकानदाराला फळ्या धुंडाळाव्या लागल्या. “बाई, हे कुणी नेत नाही,” तो म्हणाला, “लोक उलट काढून फेकतात.” पैसे देऊन ती निघाली. घरी येऊन तिने प्लग डोळ्यांसमोर ठेवला आणि गार्ड बसवले. मामांच्या दुकानातून आणलेल्या पाइपाच्या जोडाच्या कोपऱ्यात डिस्क पोचेना तेव्हा पाइप उलटा धरून पाहिला. पोचली. एवढे सोपे होते, आणि सहा वर्षांत एकदाही तिने पाइप उलटा धरून पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती आणि मामा सांगाड्याला लागले. तिचे हात पूर्वीसारखेच चपळ होते. त्यात फरक पडला नाही. पाइप कापायला लागायचा तेवढाच वेळ लागत होता. फरक पडला तो दोन पाइपांच्या मधल्या वेळात. अकराच्या सुमारास वीज गेली तेव्हा मामा मागे होते. त्यांनी मान वर करून पाहिले नाही. खट्ट असा बटणाचा आवाज आला आणि पाठोपाठ बोर्डातून प्लग निघाल्याचा, तेवढा त्यांनी ऐकला.

चार वाजता फाटक गोदामावर नेले. पूजा केव्हाच आटोपली होती. दारापुढे रांगोळी होती, नारळाच्या शेंड्या पडल्या होत्या. फाटक खांबावर चढवले, तोलले, बिजागऱ्या जोडल्या. वरची एक कड खांबाला घासत होती, तेवढी घासून काढायची राहिली. गोदामातल्या बोर्डापासून लांब वायर ओढून आणली. तिच्या टोकाला ग्राइंडरचा प्लग जोडायला कोणी जवळ नव्हते, तेव्हा आप्पा स्वतः खाली बसले. परीटघडीच्या धोतराला माती लागत होती. त्यांनी प्लग हातात धरला, भोकांजवळ नेला आणि थांबले.

“बाई,” त्यांनी विचारले, “घालू का?”

अंबिकेने ग्राइंडर उलटा करून बटण पाहिले. मागे होते. तरी अंगठ्याने पुन्हा एकदा मागे ओढून खात्री केली. चेहऱ्यावर काच ओढली, डिस्कची रेघ कुठे जाते ते नजरेने मोजले आणि स्वतः एका बाजूला सरकली.

“आप्पा, तुम्ही बसलाय ती जागा बरोबर चाकासमोर आहे. जरा खांबाच्या पलीकडं व्हा.”

तालुक्यातला एवढा मोठा व्यापारी, पण लगेच उठला, धोतर सावरले आणि खांबापलीकडे जाऊन पुन्हा खाली बसला.

मामा थोड्या अंतरावर, चहाची कपबशी हातात घेऊन उभे होते. त्यांना सांगायचे काही उरले नव्हते.

“आता घाला,” अंबिका म्हणाली.

ज्याचा अंदाज कधी चुकत नाही त्याला लोक अनुभवी म्हणतात. खरा अनुभवी तो, जो आपला अंदाज चुकणार हे धरून उभे राहण्याची जागा निवडतो.